विषाद : स्वभाव नव्हे, आजार

परीक्षेतील अपयश, व्यापारातील खोट किंवा जिवलगाचा वियोग यांनी मन खिन्न व्हावे, हे स्वाभाविकच होय. अशी खिन्नता काळाच्या ओघात ओसरते; आणि ती असतानाही नातवंड मांडीवर येऊन बसले की चेहऱ्यावर क्षणभर हसू उमटते. परंतु खिन्नतेचा एक प्रकार असा आहे की, कारण असो वा नसो, तो मनात ठाण मांडून बसतो व कोणत्याही सुखाला आत येऊ देत नाही. वैद्यकशास्त्र त्याला नैराश्य किंवा अवसाद म्हणते, आणि मधुमेहाप्रमाणेच तो एक आजार मानते. ही जाणीव या देशात अगदीच नवी नाही. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने विषादाला अग्रस्थान दिले आहे.

हा आजार ओळखावयाचा कसा? मन सतत उदास असणे आणि पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यातील गोडी नाहीशी होणे, ही त्याची दोन प्रमुख लक्षणे होत. त्यांच्या जोडीला झोप उडणे किंवा अतोनात झोप येणे, अन्नावरची वासना जाणे, विनाश्रम थकवा, चित्त एकाग्र न होणे, आपण निरुपयोगी व अपराधी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे, ही लक्षणे असतात. यांतील बरीचशी दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली व त्यामुळे नित्याची कामे अडू लागली, तर वैद्याचा सल्ला घ्यावा. पुरुषांत हा आजार पुष्कळदा चिडखोरपणाच्या रूपाने दिसतो, तर वृद्धांत विसरभोळेपणाच्या किंवा अंगदुखीच्या तक्रारीने.

खरी अडचण येते ती घरातच. मुलगा खोलीबाहेर येत नाही, तर तो आळशी ठरतो. सून बाळंतपणानंतर रडत राहते, तर ती हट्टी ठरते. वडील बोलेनासे होतात, तर ते वयोमानावर घातले जाते. कोणी तीर्थयात्रा सुचवितो, कोणी लग्न लावून देण्याचा उपाय सांगतो. हे सर्व आप्त प्रेमानेच बोलतात. तथापि ‘मन घट्ट कर’ हा उपदेश रोग्याच्या अपराधी भावनेत भरच घालतो. मन घट्ट करण्याची शक्ती हरपणे, हेच तर त्याचे दुखणे असते. देशातील 12 राज्यांत 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार झाल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

उपचाराचे एक अंग समुपदेशन हे होय. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपला विषाद बोलून दाखवीत असताना श्रीकृष्ण मध्ये एक शब्दही बोलत नाही. समुपदेशकाची पहिली पायरी हीच. तो आठवड्यातून एखाद्या वेळी, साधारण पाऊण तास, एकांतात ऐकतो, आणि ऐकलेले गुप्त ठेवतो. जिवाला धोका दिसला तरच त्याला अपवाद करतो.

पुढची पायरी विचारांची तपासणी ही. ॲरन बेक या अमेरिकन मनोवैद्याने 1960 च्या दशकात ही पद्धत घडविली. समजा, कचेरीत साहेबांनी नमस्काराला उत्तर दिले नाही. विषादग्रस्त मनुष्य तत्काळ म्हणतो, “मी कोणाच्याच खिजगणतीत नाही.” समुपदेशक त्याला खोडून काढीत नाही, तो विचारतो, “याला पुरावा काय? साहेब दुसऱ्याच चिंतेत असण्याचा संभव किती?” असे प्रश्न रोगी हळूहळू स्वतःच स्वतःला विचारू लागतो. जोडीला लहान लहान कामे नेमून दिली जातात : सकाळी दहा मिनिटे फिरणे, एका मित्राला भेटणे. उत्साह येईल तेव्हा काम करू, असे म्हणत न बसता आधी काम करावे, म्हणजे उत्साह मागून येतो, असे यामागील तत्त्व आहे.

आजार सौम्य असेल तर एवढ्याने पुष्कळदा भागते. तो तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. थायरॉइडच्या विकारानेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून प्रसंगी रक्त तपासतात. औषधाचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही ते साधारण सहा महिने तरी चालू ठेवावे लागते, आणि वैद्याला न विचारता एकाएकी बंद करणे हितावह नसते. या औषधांचे व्यसन जडते ही समजूत निराधार आहे.

मरणाचे विचार कोणी बोलून दाखवील, तर ते थट्टेवारी नेऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे आपुलकीने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट ओझे उतरते. अशा मनुष्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरून त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही सल्ला मिळतो.

घरातील माणसांनी करावयाचे ते थोडेच आहे : तुलना करू नये, घाई करू नये, पहिल्या भेटीला सोबत जावे, आणि दवाखान्याची वेळ ठरविण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. कारण ज्याला अंथरुणातून उठणेही जड जाते, त्याच्या हातून तेवढेच नेमके राहून जाते.