शेणावरची अळंबी बाधा नव्हे, विषबाधा

श्रावणात कुडाळ-सावंतवाडीकडे पानावर वाटे लावून विकली जाते ती वारुळाची अळंबी. उपटली की तिचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल जाताना दिसतो, कारण वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीतूनच ती वर येते. जाणती माणसं हा देठ आणि जागा पाहूनच तिला हात लावतात. घात होतो तो सड्यावर, गुरांच्या शेणात उगवलेली अळंबी तिच्यासोबत टोपलीत पडते तेव्हा. शेणावरच्या काही जातींत सायलोसायबिन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं.

रटरटून शिजवली की विष मरतं, हा पहिला गैरसमज. १७९९ साली लंडनच्या ग्रीन पार्कमधून वेचलेली अळंबी एका कुटुंबाने शिजवूनच खाल्ली होती. वडिलांना डोळ्यांपुढे रंग चमकताना दिसू लागले, उभं राहवेना, आणि आठ वर्षांच्या मुलाचं हसू थांबेना. एव्हरार्ड ब्रँड या डॉक्टरने ते लिहून ठेवलं आहे. लसूण किंवा चांदी काळी पडते का, किडे खातात का, या परीक्षाही तितक्याच फोल. गोगलगाय जे पचवते, ते माणसाला पचेलच असं नाही.

अर्ध्या-पाऊण तासात कुणी असंबद्ध बोलू-हसू लागलं, घाबरलं, बाहुल्या विस्फारल्या, तर आपल्याकडे आधी बाधेची शंका येते आणि गाऱ्हाणं घालण्यात वेळ जातो. कृपा करून आधी १०८ ला फोन करा. भ्रम बहुधा चार-सहा तासांत ओसरतो. तोवर माणसाला एकटं सोडू नये, मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘उलट्या थांबल्या, आता बरं आहे’. अमाटॉक्सिन हे विष असलेल्या अळंबीची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. मग जुलाब-उलट्या होतात, दिवसभर आराम पडल्यासारखं वाटतं आणि आत यकृत निकामी होत जातं. डोळे पिवळे दिसले म्हणून काविळीचा झाडपाला देत बसलं, तर माणूस हातचा जातो. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले. टोपलीत दोन्ही जाती मिसळलेल्या असू शकतात, म्हणून भ्रम ओसरला तरी रुग्णालय गाठावंच. जाताना उरलेली अळंबी, सोललेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून न्या आणि ती किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना नेमकं सांगा. ज्यांनी ज्यांनी ते कालवण खाल्लं, त्या सगळ्यांना सोबत न्या, त्रास होत नसला तरी.