परदेशी नोकरी, पण वसईतूनच?

आखाती देशांतील नोकरीची सवय वसईतील आपल्या कुटुंबांना जुनीच आहे. त्या नोकरीत घर सोडावे की नाही, एवढाच प्रश्न असे. संगणक क्षेत्रातील आमच्या तरुणांपुढे आता तिसरा मार्ग उभा राहिला आहे. २०२० च्या महामारीत या क्षेत्रातील बरेचसे काम घरून होऊ शकते हे सर्वांनी पाहिले. त्यामुळे बर्लिनच्या एखाद्या कंपनीचे ऑफर लेटर हाती पडताच, वृद्ध आईवडिलांकडे पाहून, हेच काम इथे राहून करता येईल का, असा विचार मनात येतो. विचार रास्त आहे. मागणी मात्र समजून करावी लागते.

कंपनी कचरते, ती नेहमी अविश्वासापोटीच असे नाही. तिचा माणूस भारतात बसून काम करू लागला, तर तिचे येथे कायमस्वरूपी आस्थापन आहे असे कर खाते मानू शकते, आणि मग नफ्याच्या काही भागावर येथे कर भरण्याची वेळ येते. शिवाय युरोपातील ग्राहकांच्या माहितीला २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर नियमांचे संरक्षण आहे. म्हणून 'मला घरून काम हवे' एवढेच न म्हणता उपायही आपणच सुचवावा. कंपनीची भारतात शाखा असल्यास तिच्या पटावर नेमणूक मागावी. नसल्यास, परदेशी कंपनीच्या वतीने येथे रीतसर नोकरीवर ठेवणाऱ्या मध्यस्थ संस्था असतात. तिसरा पर्याय स्वतंत्र कंत्राटदाराचा, आणि कंपन्या तोच चटकन पुढे करतात. त्यात आकडा मोठा दिसतो, पण भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, हक्काची रजा नाही. आगाऊ कर स्वतः भरायचा. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीही आली. हा खर्च धरूनच रक्कम मागावी. वर्षात १८२ दिवस वा अधिक भारतात राहणाऱ्यास सामान्यतः निवासी म्हणून प्राप्तिकर लागतो; पगार युरोत आला म्हणून तो चुकत नाही.

घड्याळाचाही हिशेब घालावा. बर्लिन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास असते. तेथील नऊ ते पाच म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. हे निभते. टोरंटोच्या वेळेत मात्र जागरण अटळ, आणि आईवडिलांसाठी राहून दिवसभर झोपायचे असेल तर राहण्याला काय अर्थ?

पूर्ण नकार मिळाल्यास मधला मार्ग मागता येतो: रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणे, किंवा वर्षातील काही आठवडे वसईतून काम. मात्र जर्मनीचा साधा निवास परवाना सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास सहसा संपुष्टात येतो. ब्लू कार्डधारकास ही मुदत बारा महिन्यांची आहे. आठवडे ठरवताना हे ध्यानात असावे.

बोलणी करण्याची योग्य वेळ ऑफर हाती आल्यानंतरची आणि सही करण्यापूर्वीची. तेव्हा कंपनीने आपल्याला निवडलेले असते आणि आपण अजून बांधले गेलेले नसतो. व्यवस्थापकाने फोनवर दिलेला होकार तो व्यवस्थापक बदलला की विरतो. कामाचे ठिकाण, वेळ, वेतनाचे चलन आणि कार्यालयात परत बोलावल्यास मिळणारी मुदत, हे सारे करारात लिहून घ्यावे. ते हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.