जुन्या गृहसंगणकांतील मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क

स्थूलमानाने १९७७ ते १९९५ या काळात घरगुती वापरासाठी तयार झालेल्या संगणकांना, त्यांच्या अभिकल्पकांनी गृहीत धरलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक क्षमतेच्या हार्ड डिस्क जोडण्याचे तंत्र. हे संगणक आज प्रामुख्याने संग्राहक, वस्तुसंग्रहालये व जुन्या फाइलींचे जतन करणाऱ्या संस्था यांच्याकडे आढळतात. त्यांतील मूळ हार्ड डिस्क फिरत्या भागांची झीज, वंगण घट्ट होणे व विद्युत् घटक निकामी होणे या कारणांनी बंद पडत जातात. तितक्याच लहान क्षमतेच्या नव्या डिस्क तयार होत नसल्याने २० किंवा ८० मेगाबाइटच्या जागी अनेक गिगाबाइट क्षमतेचे साधन बसविणे भाग पडते. अशा वेळी संगणक कित्येकदा व्यवस्थित सुरू होतो, फाइलीही स्वीकारतो; परंतु ठराविक मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर कोणतीही सूचना न देता आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. त्यामुळे या मर्यादांचे ज्ञान ही केवळ सोयीची बाब नसून माहितीच्या सुरक्षिततेची बाब आहे.

या नोंदीत मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट व गिगाबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट असे मानले आहे. हार्ड डिस्कचे उत्पादक मात्र गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात. त्यामुळे वेष्टनावरील आकडा व संगणकाने दाखविलेला आकडा यांत तफावत पडते.

पार्श्वभूमी : पहिली व्यापारी हार्ड डिस्क आय्‌बीएम कंपनीने १९५६ मध्ये रामॅक या संगणकाबरोबर आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या व तिची क्षमता सु. ५० लक्ष अक्षरांची होती. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी (नंतरची सीगेट) या कंपनीने एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क काढली. तीही सु. ५ मेगाबाइटचीच होती, परंतु ती मेजावरील संगणकात बसू शकत होती. यानंतर क्षमता झपाट्याने वाढत गेली. परिचालन प्रणालीचे अभिकल्पक मात्र त्या त्या वेळी मिळणाऱ्या डिस्कपेक्षा काही पट मोठी डिस्क डोळ्यांसमोर ठेवून आकड्यांच्या जागा ठरवीत. काही वर्षांतच त्या जागा अपुऱ्या पडत.

मर्यादेचे मूळ : डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या खंडांत साठविलेली असते. विशिष्ट खंड वाचण्यासाठी त्याचा पत्ता संख्येच्या रूपात द्यावा लागतो व ही संख्या ठराविक बिटांच्या जागेत मावावी लागते. मोटारगाडीच्या अंतरमापकात पाच अंकांची सोय असल्यास ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. गाडी मात्र पुढेच गेलेली असते. पत्त्याची संख्या दिलेल्या जागेत मावेनाशी झाली म्हणजे नेमके हेच घडते.

पत्ता एकाच ठिकाणी लिहिला जात नाही. तो फाइल-व्यवस्थेकडून चालक आज्ञावलीकडे, तेथून नियंत्रकाकडे व शेवटी डिस्ककडे जातो. या साखळीतील सर्वांत अरुंद दुवा संपूर्ण यंत्रणेची मर्यादा ठरवितो. निरनिराळ्या संगणकांत हा दुवा निरनिराळा होता. एमएस-डॉस ३.३ (१९८७) या प्रणालीत खंडक्रमांकाला १६ बिट होते. म्हणून एक विभाग ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा करता येत नसे. आय्‌बीएम पद्धतीच्या संगणकांत बायॉस व आयडीई जोडणी या दोहोंच्या समाईक मर्यादांमुळे १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ खंड एवढ्याच रचनेचा उपयोग होई व ५०४ मेगाबाइटच्या पुढील भाग अप्राप्य राही. स्कझी जोडणीतील सहा बाइटांच्या आज्ञेत पत्त्यासाठी २१ बिट असल्याने तिची पोहोच १ गिगाबाइट आहे. आयडीई जोडणीच्या २८ बिटांच्या पत्त्याची पोहोच १२८ गिगाबाइटपर्यंत जाते. ॲपल मॅकिंटॉशच्या १९८५ मधील एचएफएस या फाइल-व्यवस्थेची अडचण वेगळी होती. तीत एका विभागाचे सु. ६५,००० वाटप-खंडच पडत असल्याने विभाग २ गिगाबाइटचा केल्यास एका अक्षराची फाइलही सु. ३२ किलोबाइट जागा अडवीत असे.

अमिगा संगणकाचे उदाहरण : कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक (१९८५) या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. त्याच्या १९९२ मधील ६००, १२०० व ४००० या प्रतिमानांत आयडीई जोडणी मुळातच असल्याने त्यांना मोठी डिस्क प्रत्यक्ष जोडणे सोपे असते. कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली, परंतु या संगणकाचा वापर व त्याच्या प्रणालीचा विकास पुढेही चालू राहिला.

अमिगाच्या परिचालन प्रणालीत फाइल-व्यवस्था चालक आज्ञावलीला जे विनंतिपत्र पाठविते, त्यात पत्ता खंडांत नव्हे, तर बाइटांत दिला जातो व त्यासाठी ३२ बिट राखलेले आहेत. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होय. म्हणून ४ गिगाबाइट ही या व्यवस्थेची स्वाभाविक सीमा ठरते. हाच पत्ता खंडांत दिला असता, तर तेवढ्याच बिटांत २,०४८ गिगाबाइटपर्यंत पोहोचता आले असते. बाइटांत पत्ता दिल्यामुळे लवचिक चकती, हार्ड डिस्क इ. साधनांशी एकाच रीतीने व्यवहार करता आला. १९८५ मध्ये ही निवड सयुक्तिक होती.

सीमा ओलांडल्यावर काय होते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. डिस्कच्या ९७,६५,६२५ व्या क्रमांकाच्या खंडावर लिहावयाचे आहे, असे समजू. त्याचा बाइटांतील पत्ता ५,००,००,००,००० एवढा येतो. ३२ बिटांत ही संख्या मावत नाही. तीतून ४,२९,४९,६७,२९६ वजा होऊन ७०,५०,३२,७०४ एवढीच उरते. परिणामी मजकूर १३,७७,०१७ व्या खंडावर, म्हणजे डिस्कच्या आरंभीच्या भागात, पहिल्या विभागातील एखाद्या फाइलीवर लिहिला जातो. वाचतानाही पत्ता त्याच रीतीने कापला जात असल्यामुळे नवी फाइल बिनचूक वाचली जाते. नाश झालेला असतो तो जुन्या फाइलीचा, व तो पुष्कळदा कित्येक आठवड्यांनी ध्यानात येतो. पत्ता ४ गिगाबाइटच्या अगदी लगत पुढे असल्यास डिस्कचा पहिला खंडसमूहच पुसला जातो. याच भागातील पहिल्या १६ खंडांत रिजिड डिस्क ब्लॉक ही नोंद असते. तीत डिस्कची रचना व विभागांची यादी यांकडे नेणारी माहिती असते. ती नष्ट झाल्यास सर्वच विभाग नाहीसे झाल्यासारखे दिसतात.

उत्पादकांच्या मापाने ४ गिगाबाइटची डिस्क म्हणजे सु. ४०० कोटी बाइट. ती या सीमेच्या आतच राहते. ८ गिगाबाइटची डिस्क मात्र जवळजवळ अर्धी सीमेबाहेर असते.

इतर मर्यादा : अमिगाची फास्ट फाइल सिस्टिम ही व्यवस्था १.३ आवृत्तीबरोबर (१९८८) आली. प्रत्येक विभागातील मोकळ्या खंडांची नोंद ती बिट-नकाशात ठेवते. ५१२ बाइटच्या एका नकाशाखंडात ४,०६४ खंडांची नोंद मावते व विभागाच्या मूळ खंडात अशा २५ नकाशाखंडांचे पत्ते थेट देता येतात. यावरून थेट नोंदीची मर्यादा ५,२०,१९,२०० बाइट, म्हणजे सु. ५० मेगाबाइट येते. यापेक्षा मोठ्या विभागांसाठी जादा खंडांची साखळी जोडली जाते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास पुढच्या वेळी संपूर्ण नकाशा नव्याने तयार करावा लागतो. ५० मेगाबाइटच्या विभागात हे काम लवकर उरकते. अनेक गिगाबाइटच्या, फाइलींनी भरलेल्या विभागात त्यास बराच वेळ लागतो.

दुसरी अडचण चिन्हांकित संख्यांची आहे. अनेक जुन्या आज्ञावली मोकळ्या जागेचे बाइट ३२ बिटांच्या, धन व ऋण अशा दोन्ही प्रकारच्या संख्यांसाठी असलेल्या जागेत मोजतात. ३ गिगाबाइट जागा मोकळी असल्यास तिचे वाचन −१,०७,३७,४१,८२४ असे होते व ‘जागा अपुरी आहे’, असा संदेश मिळतो. म्हणून जुन्या आज्ञावली ज्या विभागात ठेवावयाच्या तो २ गिगाबाइटपेक्षा लहान राखणे इष्ट असते.

तिसरी मर्यादा एका वेळी पाठवावयाच्या मजकुराची आहे. जुन्या आयडीई आज्ञेत एका वेळी जास्तीत जास्त २५६ खंड, म्हणजे १२८ किलोबाइट मजकूर नेता येतो. फाइल-व्यवस्थेने याहून मोठी मागणी केल्यास व चालक आज्ञावलीने तिचे तुकडे न केल्यास मोठ्या फाइली बिघडतात. लहान फाइली मात्र निर्दोष राहतात. यावर उपाय म्हणून विभागाच्या नोंदीत कमाल स्थानांतरणाचे मूल्य १,३०,५६० बाइट, म्हणजे २५५ खंड, असे ठेवण्याचा प्रघात आहे.

सीमोल्लंघनाच्या पद्धती : यांचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात विनंतिपत्रातील एरवी उत्तरासाठी राखलेल्या जागेत पत्त्याचे वरचे ३२ बिट ठेवून ६४ बिटांचा पत्ता दिला जातो. ट्रॅकडिस्क ६४ व न्यू स्टाइल डिव्हाइस हे दोन संकेत या प्रकारचे आहेत. दुसऱ्यात फाइल-व्यवस्था चालक आज्ञावलीला थेट स्कझी आज्ञा देते. या आज्ञेत पत्ता खंडांत असल्याने ४ गिगाबाइटची सीमा उद्‌भवतच नाही. तिसऱ्यात परिचालन प्रणालीच बदलली जाते. अमिगाच्या ३.५ (१९९९) व ३.९ (२०००) या आवृत्त्यांत मोठ्या डिस्कची सोय आली. ३.१.४ (२०१८) व ३.२ (२०२१) या आवृत्त्यांच्या रॉममध्येही ती अंतर्भूत आहे.

चालक आज्ञावली व फाइल-व्यवस्था या दोन्ही नव्या असणे आवश्यक असते. एकच बदलून भागत नाही. तसेच नवी चालक आज्ञावली डिस्कवरून भरली जाणार असल्यास तोवर वाचनाचे काम रॉममधील जुनीच आज्ञावली करीत असते. म्हणून संगणक ज्या विभागावरून सुरू होतो तो पूर्णपणे पहिल्या ४ गिगाबाइटच्या आत असावा लागतो.

साधने व जोडणी : अमिगा ६०० व १२०० यांत अडीच इंची डिस्कसाठी ४४ टाचण्यांची, तर ४००० मध्ये साडेतीन इंची डिस्कसाठी ४० टाचण्यांची जोडणी आहे. बाजारातील संगणकांत २००३ नंतर क्रमिक जोडणीच्या डिस्क आल्याने समांतर आयडीई डिस्क क्रमाने दुर्मिळ झाल्या. त्यामुळे आता बहुधा कॉम्पॅक्ट फ्लॅश पत्र वापरले जाते. या पत्रात आयडीई जोडणीप्रमाणे वागण्याची सोय अंगभूत असल्याने साध्या जोडपट्टीने काम भागते. ते आवाज करीत नाही, अल्प वीज घेते व वीजपुरवठ्यावर ताण आणत नाही. मात्र त्यातील प्रत्येक कोशिकेवर मर्यादित वेळाच लिहिता येते. म्हणून ते एकमेव प्रत म्हणून वापरणे धोक्याचे असते.

विभागणी व चाचणी : जुन्या प्रणालीवर प्रथम मूळ डिस्कची खंडशः प्रत आधुनिक संगणकावर काढून ठेवली जाते. नव्या डिस्कवर आरंभी काहीशे मेगाबाइटचा प्रारंभ-विभाग व त्यापुढे २ गिगाबाइटच्या आतील विभाग पाडले जातात. ४ गिगाबाइटपलीकडील जागा, प्रणाली जुनी असल्यास, मोकळीच सोडली जाते. ती वाया गेल्यासारखी वाटली, तरी पत्ता शून्यावर येण्यापासून मिळणारे खात्रीचे संरक्षण तेच होय. पलीकडील जागा वापरावयाचीच असल्यास डिस्क रिकामी असतानाच चाचणी घ्यावी लागते. पहिल्या विभागात ज्ञात मजकुराच्या फाइली भरून, नंतर सीमेपलीकडील विभाग पूर्ण भरून व संगणक पुन्हा सुरू करून पहिल्या फाइली अक्षरशः पडताळल्या जातात. सीमेपलीकडील फाइल वाचता आली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे वर आलेच आहे.

महत्त्व : अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रे लवचिक चकत्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाच्या सभासदांनी ती बाहेर काढली व २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रख्यात व्यक्तींच्या बाबतीत असे प्रयत्न होतात. घरोघरच्या संगणकांवरील पत्रे, हिशेब, संगीत व आज्ञावली यांचे भवितव्य मात्र ती यंत्रे हाताळणाऱ्यांच्या काळजीवर अवलंबून असते. मोठी डिस्क बसविण्यात चूक झाल्यास नष्ट होते ते नवे साधन नव्हे, तर दुसरी प्रत नसलेला जुना मजकूर. यास्तव डिस्क बदलण्यापूर्वी मूळ प्रत काढणे, सीमेच्या आत विभागणी करणे व पडताळणी करणे हा क्रम पाळणे अगत्याचे ठरते.