भरलेली दाढ का दुखते?

दाढ किडली, म्हणून तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी कीड कोरून काढली, दाढ भरली, आणि तुम्ही निश्चिंत मनाने घरी आलात. दोन-चार तासांनी तोंडाचा बधिरपणा उतरला. रात्री गार पाण्याचा घोट घेतला, आणि दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी यावे! मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, "डॉक्टरनं चांगला दात बिघडवला." कोणी म्हणतं, "काढूनच टाकायची होती, कटकट तरी गेली असती!" पण थांबा. रागाच्या भरात काही ठरवण्यापूर्वी दाताच्या आत काय चालले आहे, ते जरा पाहू या.

दात म्हणजे काही दगडाचा तुकडा नव्हे. त्याचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत टणक पदार्थ. त्याला वेदना नाही. त्याच्या खाली डेंटिनचा थर असतो. या थरात अतिशय बारीक नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो! त्यांत पातळ द्रव भरलेला असतो. अगदी आत असतो दाताचा जिवंत गाभा, रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा. गार लागले की नळ्यांतील द्रव हलतो आणि त्याची वर्दी मज्जातंतूंना पोचते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० नंतरच्या दशकात ही उपपत्ती प्रयोगांनी पुढे मांडली.

आता कीड कोरताना या नळ्या उघड्या पडतात. यंत्राची उष्णता आणि दाब आत पोचतो. गाभा चिडतो, सुजतो. बोट सुजले तर त्याला फुगायला जागा असते. इथे चारही बाजूंनी टणक भिंती! म्हणून सूज थोडी आणि ठणका फार. दाढेत चांदी भरली असेल, तर धातू गारवा चटकन आत नेतो. पांढरे रेझिन निळ्या प्रकाशाने कडक होताना किंचित आकसते. कडेला बारीक फट राहिली, तरी दात शिवशिवतो. कीड फार खोल गेलेली नसेल, तर असे दुखणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कमी होत जाते.

दुसरे कारण अगदी साधे आहे. भरलेला भाग केसभर उंच राहिला, तरी प्रत्येक घासाला सारा भार त्याच दाढेवर येतो. दाताच्या मुळाभोवतीचे तंतू त्याने दुखावतात. गारगरमाने फारसा त्रास नाही, पण चावलं की टचकन दुखतं, असे असेल तर हा संशय घ्यावा. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, उंच जागा त्यावर उमटते, ती घासली की काम झाले. पाच मिनिटांच्या या कामासाठी माणसे महिना महिना एका बाजूने जेवतात! चावून जबडा उघडताना कळ येत असेल, तर दाताला तडा गेलेला असू शकतो. तेही दाखवायला हवे.

मग काळजी केव्हा करायची? गार लागल्यावर कळ आली आणि काही क्षणांत विरली, तर गाभा बहुधा सावरतो आहे. पण कळ कितीतरी मिनिटे रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल, काही न खातापिता ठणका उठत असेल, रात्री आडवे झाल्यावर झोप लागू देत नसेल, तर गाभा सावरण्यापलीकडे गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रूट कॅनाल करून, म्हणजे आतला रोगट गाभा काढून, दात बहुधा वाचवता येतो.

आणि एक धोक्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. आठ दिवस ठणकणारा दात एके दिवशी एकाएकी शांत होतो. आपण म्हणतो, "बरं झालं बाई, थांबलं!" पण कित्येकदा गाभा मेलेला असतो, म्हणून तो बोलत नाही. मुळाशी पू हळूहळू साठत असतो. तेव्हा अशा शांततेवर विसंबू नका. दात तपासून घ्या.

तोवर घरी काय करावे? फार गार, फार गरम टाळावे. दुसऱ्या बाजूने चावावे, पण दात घासणे सोडू नये. लवंगेच्या तेलाने थोडा आराम पडतो, पण तो तात्पुरता. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये. तिथली कातडी भाजते. मिश्री लावू नये. ती तंबाखूच आहे. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा घास गिळवेना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी इस्पितळ गाठा.

खर्चाची धास्ती असेल, तर मुंबई आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. जाताना दुखणे केव्हा येते, कशाने येते आणि किती वेळ टिकते, एवढे कागदावर टिपून न्या. तेवढ्यावरून डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते आणि तुमचा दात वाचण्याची शक्यता वाढते.