देश मोजू नका, बसचे तास मोजा

‘बारा दिवसांत आठ देश’ अशी जाहिरात वाचली की घरात हमखास दोन मते पडतात. मुले म्हणतात, एवढ्या पैशांत एवढे देश, आणखी काय हवे? आई-बाबा विचारतात, झेपेल का रे आम्हाला? आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांत एप्रिल-मेमध्ये युरोपला जायचा विषय निघतो. त्यात निवृत्तीचे पैसे बाजूला ठेवून आयुष्यात एकदाच एवढा लांबचा प्रवास करणारी जोडपीही असतात. युरोपची बस टूर कशी चालते, कोणत्या नियमांनी बांधलेली असते आणि वसंत ऋतूत तिचे गणित कसे बदलते, हे आधी समजले तर निवड सोपी होते आणि तिथे गेल्यावर चिडचिडही होत नाही.

आठ देश होतात कसे?

पहिले उत्तर भूगोलात आहे. ब्रसेल्स ते ॲमस्टरडॅम हे अंतर साधारण २१० किलोमीटर, म्हणजे जवळपास सुरत ते धुळे. पॅरिस ते ब्रसेल्स ३१० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सुरतहून मोटारीने मुंबई गाठण्यापेक्षा थोडेसेच जास्त. आपण नवापूरला राज्याची हद्द ओलांडतो तशी तिथली बस देशाची हद्द ओलांडते. लिक्टेनस्टाइन हा तर अवघ्या १६० चौरस किलोमीटरचा देश. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जाताना त्याच्या राजधानीत, वाडुझला, तासभर थांबले की यादीत एक देश वाढतो. रोममध्ये व्हॅटिकन पाहिले की आणखी एक.

दुसरे उत्तर शेंगेन करारात आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसातल्या हद्दींवरची तपासणी उठवण्याचे ठरवले. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे एका व्हिसावर सगळी टूर होते. इंग्लंड मात्र यात नाही. टूरमध्ये लंडन असेल तर त्याचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा आणि कागदपत्रांची फेरीही वेगळी. अलीकडे काही देश हद्दीवर तात्पुरती तपासणी करतात, म्हणून पासपोर्ट बसच्या पोटातल्या मोठ्या बॅगेत न ठेवता जवळ ठेवावा.

चालकाचे घड्याळ

मराठी माणसाला अशा सहलींची गोडी लागली ती बरीचशी आपल्याच माणसांमुळे. पालघर जिल्ह्यातील मथाणे गावच्या केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, पण सोबत आपली भाषा बोलणारा टूर लीडर, वेळेवर आपल्या चवीचे जेवण आणि ठरलेला कार्यक्रम ही पद्धत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. टूर लीडर आपला असतो. बस आणि बसचा चालक मात्र तिकडचा असतो आणि त्याला तिकडचा कायदा लागू होतो. ‘पाच मिनिटे उशीर झाला तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर या कायद्यात आहे.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते. ती तुकड्यांत घेता येते, पण प्रत्येक तुकडा किमान १५ मिनिटांचा हवा. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदा दहा तासांची मुभा आहे. रोज रात्री सलग ११ तास विश्रांती हवी. साप्ताहिक सुट्टीच्या मधल्या दिवसांत ती जास्तीत जास्त तीन वेळा नऊ तासांवर आणता येते. हे सारे बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात आपोआप नोंदले जाते आणि पोलीस रस्त्यात केव्हाही बस थांबवून ती नोंद तपासू शकतात. नियम मोडला तर चालकाला आणि त्याच्या कंपनीला दंड होतो. स्वित्झर्लंडमध्येही जवळपास असेच नियम आहेत.

आता हिशेब करून पाहू. रोजची ११ तासांची विश्रांती काढली तर चालकाचा दिवस १३ तासांचा उरतो. सकाळी आठला बस काढली तर रात्री नऊपर्यंत ती जागेवर लागली पाहिजे. या १३ तासांत तुमचे दुपारचे जेवण, खरेदी, स्वच्छतागृहाचे थांबे आणि चाळीस माणसांनी केलेला प्रत्येकी थोडा थोडा उशीर, असे सगळे मोजले जाते. सकाळी अर्धा तास उशिरा निघालो तर तो अर्धा तास रात्री मागे ढकलता येत नाही. तो एखाद्या ठिकाणाच्या वेळेतूनच कापला जातो. म्हणून टूर लीडर वेळेबाबत कडक असतो. त्याच्या बोलण्याचा राग मानू नये.

वसंत ऋतूत हे गणित आणखी अडचणीचे होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेला साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो. एप्रिलच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. आयफेल टॉवरचे चमचमते दिवे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटे लागतात, म्हणजे त्या दिवसांत साधारण रात्री दहाला. ते पाहून बस हॉटेलवर पावणेअकराला पोचली, तर ११ तासांच्या विश्रांतीनुसार दुसऱ्या दिवशी ती पावणेदहाच्या आधी हलत नाही. लवकर निघायचे तर तीनपैकी एक सवलत खर्ची पडते. ‘एवढे पॅरिसला आलो आणि रात्रीचे दिवे दाखवले नाहीत’ ही तक्रार टाळायची असेल, तर तो कार्यक्रम टूरमध्ये आहे की नाही हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावे.

वसंत: काय मिळते, काय मिळत नाही

या दिवसांतले मोठे आकर्षण म्हणजे नेदरलँड्समधील लिसे येथील कोकेनहॉफ ही ट्यूलिपची बाग. १९५० पासून लोकांसाठी खुली असलेली ही बाग ३२ हेक्टरांवर पसरली आहे आणि दरवर्षी तिथे सुमारे ७० लाख कंद लावले जातात. पण ती मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, साधारण आठच आठवडे उघडी असते. आपल्याकडे मुलांची सुट्टी मे महिन्यात सुरू होते. म्हणजे शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या हाती जेमतेम आठवडा-दीड आठवडा राहतो. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध निवडावा. फुलेही बहरात असतात आणि मेच्या सुट्टीची गर्दीही सुरू झालेली नसते.

डच फुले पाहायला जाण्यापूर्वी एकदा आपल्या कतारगामची डच दफनभूमीही पाहून यावी. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करवून घेणारे डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यांना तिथे पुरले. हे खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्या शहरात उभे राहाल तेव्हा हे नाते आठवेल.

हवेचे म्हणाल, तर सुरतेत पारा ३५ च्या पुढे असताना पॅरिसमध्ये दुपारी १५-१६ अंश आणि पहाटे ७-८ अंश असतात. ॲमस्टरडॅम त्याहून थोडे गार आणि वाऱ्याचे. पाऊस केव्हाही येतो. एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे आणि पाऊस अंगाला लागू न देणारे जाकीट जास्त उपयोगी पडते. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथे एप्रिल-मेमध्येही भरपूर बर्फ असतो. बर्फ बघायची हौस पुरी होते, पण समुद्रसपाटीवरच्या सुरतेतून गेलेल्या माणसाला तिथे प्रत्येक श्वासात इथल्या दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हे ठिकाण आणि ही उंची सांगूनच सल्ला घ्यावा. आल्प्समधले उंच घाट मात्र या दिवसांत बर्फामुळे बहुधा बंद असतात. त्यामुळे गॉटहार्डचा घाट न चढता बस त्याच्या १७ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते.

सणांच्या तारखाही पाहाव्यात. ईस्टरचा रविवार आणि सोमवार, तसेच १ मे या दिवशी बऱ्याच ठिकाणी दुकाने बंद असतात. २७ एप्रिलला नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये मुंगी शिरायला जागा नसते.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

देशांची संख्या बाजूला ठेवा आणि कागद-पेन घेऊन प्रत्येक दिवसापुढे किलोमीटर लिहा. बसची सरासरी ताशी ७५-८० किलोमीटर धरा. पॅरिस ते ल्युसर्न ६०० किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे आठ तास गाडी, त्यात सक्तीची विश्रांती आणि जेवण. तो दिवस बसमध्येच गेला असे समजा. असे दिवस बारापैकी चार-पाच असतील, तर आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी दुसरी टूर पाहा. एका हॉटेलात सलग दोन-तीन रात्री असतील तर रोज बॅगा भरणे टळते. थकवा बसमध्ये बसून येतो, तसाच रोज पहाटे उठून बॅग आवरूनही येतो.

भाषाही नीट वाचावी. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे खाली उतरायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा बसायचे. ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे आत प्रवेश नाही. ‘रोमजवळ मुक्काम’ म्हणजे हॉटेल शहराबाहेर, तेव्हा संध्याकाळी आपले आपण फिरणे अवघड. व्हेनिसमध्ये बस आत जात नाही. त्रोन्केत्तोच्या धक्क्यावर उतरून बोटीने जायचे आणि पुढे पुलांच्या पायऱ्या चढत-उतरत पायीच फिरायचे. तेव्हा ‘एकूण चालणे किती?’ हा प्रश्न संकोच न करता विचारा.

कागदपत्रे आणि पैसे

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. पण एप्रिल-मेच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जानेवारीतच मार्गी लागावे. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो शुल्क आहे, अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल, हे बुकिंग करतानाच लेखी घ्या. परदेश टूरच्या रकमेवर टीसीएस आकारला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपावी. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतात आणि हमरस्त्यांवरच्या स्वच्छतागृहांना अनेक ठिकाणी पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्यावीत.

सुरतहून युरोपला थेट विमान नाही. मुंबईचे विमान बहुधा रात्रीचे किंवा पहाटेचे असते, म्हणून दुपारच्या गाडीने निघून हाताशी भरपूर वेळ ठेवावा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असावीत. आणि वर सांगितलेला किलोमीटरचा कागद पैसे भरण्यापूर्वी आई-बाबांपुढे ठेवा. ‘झेपेल का?’ हे त्यांनी तो कागद पाहून स्वतः ठरवावे.