किनाबातांगान नदीकाठचे रानकरी

बंगालच्या उपसागरापलीकडे, दूर पूर्वेला बोर्निओ नावाचे भलेमोठे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाला मलेशिया देशाचा सबा प्रांत आहे. तिथे किनाबातांगान ही ५६० किलोमीटर लांबीची नदी आहे. ती डोंगरात उगम पावते आणि पूर्वेला सुलू समुद्राला मिळते.

तिथे बारा महिने पाऊस. आपला पावसाळा सरला की तिथे नोव्हेंबरपासून तो अधिकच जोर धरतो. मग नदीला पूर येतो. सखल मुलखात नदी नागमोडी वाहते. कधीकधी ती एखादे वळण सोडून सरळ वाट काढते. मागे राहिलेल्या वळणाचे तळे होते.

काठच्या रानात एक गंमतीचे वानर आहे. नराचे नाक इतके लांब, की ते ओठांवर लोंबते! पोट तर रांजणासारखे. पाला आणि कच्ची फळे हा त्याचा आहार. पिकले गोड फळ जास्त खाल्ले, तर ते पोटात आंबते नि पोट फुगते. दिवस कलला, की ही वानरे काठच्या झाडांवर झोपायला येतात. बोटांमध्ये थोडी कातडी असल्याने ती छान पोहतात. मात्र पाण्यात मगरी असतात, बरे का!

ओरांगउटानला मात्र पोहता येत नाही. मलायी भाषेत या नावाचा अर्थ 'रानातला माणूस'. पूर्वी ओढ्याच्या दोन्ही काठांच्या उंच झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडत. त्यांवरून तो पलीकडे जाई.

पण लाकडासाठी उंच झाडे तुटली. पुढे रान काढून तेलमाडाचे मळे झाले. त्याच्या फळांचे पामतेल निघते. आपल्या वाण्याकडेही ते मिळते. रान तुकड्यातुकड्यांनी उरले. हत्तींची काठाकाठाने जायची वाट मळ्यांनी अडली. ते मळ्यात शिरतात, कोवळी रोपे खातात. मळेवाला चिडणारच! पण आमच्या मते हत्तीला तरी बोल कसा लावावा? वाट त्याचीच होती.

सन २००५ मध्ये सरकारने उरलेले तुकडे राखीव केले. तिथल्या लोकांनी ओढ्यांवर झाडांना जाड दोर बांधले. ओरांगउटानने कित्येक वर्षे त्यांना हात लावला नाही. मग एक दिवस एकजण दोर धरून पलीकडे गेला. पुढे दुसरेही जाऊ लागले.