दोन पडदे आणि एक लेखणी : ‘एट्रियन ओडिसी’

जपानच्या अ‍ॅटलस कंपनीने २००७ साली निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या गेमयंत्रासाठी आणलेला ‘एट्रियन ओडिसी’ हा खेळ ‘डन्जन क्रॉलर’ प्रकारात मोडतो, म्हणजे ज्यात खेळाडू साहसवीरांची टोळी घेऊन चक्रव्यूहात एकेक चौकोन पुढे सरकतो आणि राक्षसांशी आळीपाळीने लढत खोल उतरत जातो. या परंपरेतील आद्य नावांपैकी एक असलेल्या १९८१ च्या ‘विझर्ड्री’च्या काळात खेळाडू संगणकाशेजारी आलेखवही उघडून नकाशा स्वतःच आखत, पुढे खेळच नकाशा दाखवू लागले आणि ती सवय मोडली. ‘एट्रियन’ने नेमकी तीच परत आणली : वरच्या पडद्यावर वाट दिसते आणि खालच्या स्पर्शपडद्यावर भिंती, दारे, जिने लेखणीने आखावे लागतात.

हा केवळ जुन्या आठवणींचा सोस नव्हे. ‘एफओई’ नावाचे बलाढ्य शत्रू नकाशावर आधीच दिसतात आणि टोळीने एक पाऊल टाकले की तेही एक पाऊल सरकतात, त्यामुळे चुकीची आखलेली एक भिंतही जिवावर बेतू शकते. युझो कोशिरो यांनी १९८० च्या दशकातील पीसी-८८ संगणकाच्या ध्वनीत बांधलेले संगीत या भटकंतीला शोभते.

२०२३ मध्ये या मालिकेतील पहिल्या तीन भागांच्या सुधारित आवृत्त्या निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर आणि संगणकावर आल्या. तेथे वाट आणि नकाशा एकाच पडद्यावर दाटीने बसवावे लागले आहेत. ज्यांच्याकडे जुने डीएस आहे, त्यांनी मूळ खेळच आधी खेळावा.